माणसं सोडून बाकी सगळं

२३ जुलै २०२३, रविवार. नौपाड्यातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात विश्राम घाडी यांनी तीन हजार दोनशे चाळीस रुपये रोख मोजून दिले, पक्कं बिल मागून घेतलं, त्याची घडी पाकिटात ठेवली आणि अठरा पुस्तकांचं बाड रिक्षात चढवलं. एका पुस्तकाचे एकशे ऐंशी. गिऱ्हाईक घासाघीस करणार हे दुकानदाराने धरून ठेवलं होतं. घाडींनी केली नाही. त्यामुळे दोनशे का नाही सांगितले, या विचाराने त्याचा उरलेला रविवार वाया गेला.

घाडींना ती पाठ्यपुस्तकं वाटली होती. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ते बत्तीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. व्हॉल्व्ह, फ्लँज, गिअरपेट्या यांचे आराखडे ते काढत. आराखड्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते, तिच्यात सर्वांत खाली 'रेखांकन: वि. घा.' एवढं यायचं. वरच्या सह्या इंजिनीअर लोकांच्या. पुढे हे सगळं संगणकावर गेलं आणि कंपनीने त्यांना सत्तावन्नाव्या वर्षी सन्मानाने मोकळं केलं. सन्मान म्हणजे एक भिंतीवरचं घड्याळ आणि त्यांचाच जुना ड्रॉइंग बोर्ड, कारण तो ठेवायला कंपनीत जागा नव्हती. बाळकुमच्या घरीही नव्हती. तो पलंगामागे उभा राहिला.

रिकाम्या वेळात यथार्थदर्शन, म्हणजे लांबची वस्तू लहान आणि जवळची मोठी कशी काढायची ते पक्कं करावं, या हेतूने ते दुकानात शिरले होते. समोरच्या पुस्तकावर दोन मुलं होती. एकाच्या हातात टाक, बाजूला पोलादी पट्टी, मागे शाईची दौत. घाडींनी पूर्ण संच बांधायला सांगितला.

घरी आल्यावर कळलं की पुस्तकं शेवटापासून सुरू होतात. घाडींनी रीतसर डावीकडून उघडलं, तर आत पाटी: तुम्ही चुकीच्या बाजूने आला आहात. बांधणीतला दोष असणार म्हणून त्यांनी अठराही पुस्तकं तपासली, अठरांतही तोच दोष निघाला, आणि सोमवारी दुकान उघडायच्या वेळेला त्यांनी फोन केला.

"काका, ती जपानी कॉमिक्स आहेत. ते लोक उजवीकडूनच वाचतात."

"अठराच्या अठरा?"

"अख्खा जपान, काका."

पत्नी योगिनी कणीक मळता मळता हे ऐकत होत्या. "सव्वातीन हजाराची कॉमिक्स!" त्या म्हणाल्या. "लोक निवृत्त झाले की काशीला जातात. तुम्ही थेट बालवाडीत निघालात."

बिल होतं, पण परतीची अट बिलावर नव्हती. तेव्हा घाडी वाचायला बसले. गोष्ट साधी होती. शाळेतली दोन मुलं, एक लिहिणारा, एक काढणारा. दोघांनी मिळून चित्रकथा करायच्या आणि नावारूपाला यायचं, एवढाच ध्यास. तिकडे म्हणे चित्रकथांचं साप्ताहिक असतं, वाचक दर आठवड्याला कार्डं पाठवून पसंती कळवतात, आणि जी मालिका तळाला जाते ती बंद होते. घाडींना हे फार आवडलं. बत्तीस वर्षांत त्यांच्या एकाही फ्लँजबद्दल कोणी कार्ड पाठवलं नव्हतं.

पण ते थांबले ते एका वेगळ्याच पानावर. त्या पानात कोपऱ्यातल्या टेबलाशी एक मध्यमवयीन माणूस बसला होता. गोष्टीत त्याला काही काम नव्हतं. नायकांचे चेहरे ती मुलं काढत होती आणि हा पट्टी लावून फक्त मागच्या खिडक्या, कठडे, फरशा काढत होता. घाडींनी ते पान तीनदा वाचलं. माणसं सोडून बाकी सगळं काढण्याची नोकरी जगात आहे, आणि आपण ती बत्तीस वर्षं चुकीच्या खात्यात केली, असं त्यांच्या मनाने घेतलं.

त्यांना माणूस काढता येत नव्हता, ही मात्र खरी अडचण होती. त्यांनी प्रयत्न केला. योगिनींचं चित्र काढलं. "हा कोण?" योगिनींनी विचारलं.

चेहरे सापडले दाताच्या दवाखान्यात. सप्टेंबरात दाढ दुखायला लागली म्हणून घाडी नौपाड्यातल्या एका डॉक्टरांकडे गेले. तिथे नंबर लावून देणारी मुलगी, संचिता हिवराळे, वय चोवीस, समोर बसलेल्या रोग्यांची तोंडं चिठ्ठ्यांच्या पाठीमागे काढत होती. सुजलेला गाल, आवळलेला जबडा, आतून मशीनचा आवाज आला की मोठे होणारे डोळे. रोज तीस माणसांची भीती समोर बसते म्हटल्यावर हात तयार झाला होता. घाडींनी आपला चेहरा ओळखला. इतका अजीजीचा आपला चेहरा आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"तुम्ही आमच्याच संकुलातले ना, काका? बी विंग. मी सी मध्ये. आम्ही भाड्याने राहतो, आई आणि मी."

घाडींनी त्या अठरा पुस्तकांचा विषय काढला. संचिताने खुर्चीच पुढे ओढली.

"वाचलंत तुम्ही? पूर्ण? मी तर त्याची कार्टून सिरीज दोनदा बघितलेली. पिक्चर पण बघितलेला, पण पिक्चर म्हणजे काका, अठरा भागांचा रस्सा आटवून दोन तासांत वाटी दिलीय. अर्धे लोक गायब."

"तो मागे बसणारा? कठडे काढणारा?"

"तो तर पहिला गायब."

घाडींनी तो सिनेमा पाहायचा नाही असं तिथेच ठरवलं. कार्टून मात्र पाहिलं, कारण त्यात कागदावर टाक ओढल्याचा आवाज ऐकू येतो असं संचिताने सांगितलं होतं. खरंच येत होता. योगिनींना वाटलं घरात उंदीर शिरला.

दाढेच्या चार फेऱ्यांत दोघांचं जमलं. संचिता गोष्ट रचणार आणि माणसं काढणार. घाडी माणसं सोडून बाकी सगळं. मालिकेचं नाव 'पार्सल आलंय'. नायक दौलत, घरोघर पार्सलं पोचवणारा, जो खोक्यांवरून माणसं ओळखतो आणि संकुलातली छोटी छोटी रहस्यं उलगडतो. चहाची टपरी, जिना, गच्चीवरची टाकी हे घाडींकडे. पलंगामागून ड्रॉइंग बोर्ड बाहेर आला. श्रेयाची ओळ संचिताने पहिल्याच रविवारी लिहून ठेवली: घाडी-हिवराळे. त्या जपानी मुलांसारखं, दोघांचं मिळून एक नाव. घाडींनी ती ओळ तांत्रिक अक्षरांत, तीन मिलिमीटर उंचीची, स्वतः रेखली. आयुष्यात प्रथमच त्यांचं पूर्ण आडनाव चौकटीत मावलं होतं.

छापायचं कुठे, हा प्रश्न नव्हता. संकुलाचं मासिक वार्तापत्र होतं. सात विंग, तीनशे ब्याण्णव फ्लॅट, आणि प्रत्येक दाराखालून सरकवली जाणारी आठ पानं. संपादक सचिव साईनाथ मोकल. मोकलांना कागदाचा अतिशय लोभ होता. संकुलात एखादा दिवा बदलला तरी त्याला सूचक आणि अनुमोदक लागत. घाडींनी जपानी वाचकांच्या कार्डांची पद्धत सांगितली तेव्हा तर मोकल उभेच राहिले.

"म्हणजे दर महिन्याला निवडणूक? वा, घाडीसाहेब! आपण पेटी ठेवू. फ्लॅटमागे एक मत. भाडेकरूंना मत नाही, ते ओघानेच आलं."

जानेवारी २०२४ चा पहिला भाग समितीपुढे गेला. तिसऱ्या चित्रात दौलत मुख्य लिफ्टमधून वर जात होता. लिफ्टच्या आतली जाळी घाडींनी अकरा तास खपून काढली होती.

"हे नियमात बसत नाही," मोकल म्हणाले. "पार्सलवाल्यांना मागची लिफ्ट."

"ही गोष्ट आहे, साहेब."

"गोष्टीतल्या माणसाने नियम मोडला तर खऱ्याला काय सांगणार आपण?"

दौलत मागच्या लिफ्टमध्ये गेला. ठराव, सूचक, अनुमोदक. मग मोकलांनी श्रेयाची ओळ वाचली आणि चष्मा काढला.

"हिवराळे म्हणजे सी विंगमधल्या ना? भाडेकरू. वार्तापत्र सभासदांसाठी आणि सभासदांचं आहे, नियम चार. त्यांचं नाव नाही घालता येणार. तुमचंही तसं..." त्यांनी रजिस्टर उघडलं. "फ्लॅट वहिनींच्या नावावर आहे."

होता. बाईच्या नावावर घेतला की मुद्रांक शुल्कात सवलत मिळते, म्हणून घाडींनीच हिशेब करून घेतला होता. रजिस्टरात ते सहयोगी सभासद होते. सहयोगी सभासदाचं नाव मूळ सभासदासोबत छापता येतं, एकट्याचं नाही.

"मग असं करू," मोकल म्हणाले. "चित्रे: सौ. योगिनी घाडी. पार्श्वभूमी: श्री. विश्राम घाडी. कायद्याने चोख."

घाडींनी एक महिन्यापुरतं म्हणून मान डोलावली. दवाखान्यात जाऊन त्यांनी संचिताला सांगितलं, तेव्हा ती एका म्हाताऱ्याची कवळी डबीत भरत होती.

"एक महिना ना, काका?"

"एकच. एकदा वाचकांची मतं पडू देत, मग मी विषय लावून धरतो."

मतं पडली. 'पार्सल आलंय' तिसरं आलं. पहिलं पाणीकपातीचं वेळापत्रक, दुसरी वालाच्या बिरड्याची कृती. 'सचिवांचे मनोगत' सातवं, म्हणजे शेवटचं आलं. नियमाने ते बंद व्हायला हवं होतं. समितीने तातडीची सभा घेऊन मनोगत हे 'सदर' नसून 'सूचना' असल्याचा ठराव केला.

फेब्रुवारीत घाडींनी विषय लावून धरायचं ठरवलं होतं, पण तेव्हा मालिका दुसरी आली, आणि चालत्या गाडीला खीळ कशाला असं त्यांना वाटलं. मार्चमध्ये मोकलांची अँजिओग्राफी झाली. एप्रिलमध्ये संकुलातल्या मुलांच्या परीक्षा. कारण सापडत नाही असा महिना आलाच नाही. संचिता विचारायची, मग कमी विचारायला लागली. भाग मात्र वेळेवर देत होती. गेटवरचा वॉचमन धोंडिबा, ज्याला मत नव्हतं, तो वार्तापत्राची बंडलं सोडतानाच उभ्याउभ्या वाचून काढायचा आणि तिला सांगायचा, "ताई, यावेळचा तो नाक उडवणारा शेठ एकदम बरोबर पकडलाय तुम्ही." घाडींचं घर आणि समिती सोडली तर चित्रं कोणाची हे संपूर्ण संकुलात फक्त धोंडिबाला कळलं होतं. तो दर रविवारी तिला कागद घेऊन बी विंगमध्ये जाताना पाहत होता.

योगिनींचं जगणं अवघड झालं. बायका जिन्यात अडवून म्हणत, "वहिनी, आमच्या बाळाचं एक चित्र द्या ना काढून." योगिनी घरी येऊन पर्स आपटत. "मला रांगोळीत पाच पाकळ्यांचं फूल धड येत नाही! त्या पोरीचं नाव घाला, नाहीतर माझं तरी काढा. दुसऱ्याच्या लेकाचं बारसं माझ्या मांडीवर का?"

"गणपतीनंतर बोलतो," घाडी म्हणाले.

गणपतीत 'पार्सल आलंय' रंगमंचावर आलं. मोकलांनीच ते ठरवलं. जपानात कथेचं कार्टून होतं, सिनेमा होतो, मग आपण मागे का? नाटक पंचवीस मिनिटांचं. प्रत्येक विंगला एक भूमिका मिळाली पाहिजे म्हणून पात्रं सात, त्यांत डी विंगला पात्र कमी पडलं तेव्हा एका मांजराची भर घातली. दौलतची भूमिका त्रेसष्ट वर्षांच्या मोकलांनी केली. पार्सलवाल्याला नायक करणं वरच्या मजल्यांना रुचेना, म्हणून शेवटी असं उघड झालं की दौलत पार्सलवाला नाहीच; तो सर्वांत वरच्या मजल्याचा मालक असून वॉचमन नीट काम करतात का हे तपासायला वेष बदलून आला आहे. टाळ्यांचा कडकडाट. मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या धोंडिबाने टोपी सरळ केली.

संचिता आणि तिची आई शेवटून दुसऱ्या रांगेत होत्या. घाडी पहिल्या रांगेत.

"मूळ चित्रकर्त्या, सौ. योगिनी घाडी!" मोकलांनी पुकारलं. शाल, श्रीफळ. योगिनी वर गेल्या त्या ठरवूनच. त्यांनी माइक हातातून ओढून घेतला.

"मला चित्र काढता येत नाही. एकही रेघ माझी नाही. सगळी माणसं सी विंगमधल्या संचिताने काढलेली आहेत."

मग मोकलांनी हात जोडले. "पाहिलंत? एवढी मोठी कलावंत, आणि केवढा हा विनय!"

लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. योगिनी माइकमध्ये "अहो, विनय नाही, खरंच" म्हणत राहिल्या, तसतशा टाळ्या वाढत गेल्या. शेवटी त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. आता एकच माणूस हे खरं करून दाखवू शकत होता. घाडींनी मंडपाच्या बांबूंकडे पाहिलं. तिरक्या बांबूचा कोन पंचेचाळीसऐवजी पन्नासच्या घरात होता, हे त्यांच्या लक्षात आलं. ते उठले नाहीत. मागे दोन खुर्च्या रिकाम्या झाल्या.

रात्री योगिनींनी शाल त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. "घ्या. पांघरा. तुम्हालाच थंडी वाजत होती तिथे," म्हणाल्या, आणि पुढचे चार दिवस जेवणापुरतंच बोलल्या.

ऑक्टोबरचा भाग आला नाही. संचिताने फोन उचलला नाही. सी विंगचा करार संपला आणि मायलेकी सामान घेऊन आंबिवलीला स्वस्त खोलीत गेल्या, हे घाडींना धोंडिबाकडून कळलं. छपाईची तारीख पंचवीस. घाडींनी कधी तारीख चुकवली नव्हती. त्यांनी एकट्यानेच पान भरलं: सहा चित्रं, सहाही रिकामी. मुख्य दालन. जिना. लिफ्ट, दार उघडं. वाहनतळ. बाग. गच्ची. कुठे एकही माणूस नाही. रेघ न रेघ अचूक होती. हे पान तळाला जाईल, मालिका बंद होईल, आणि ते योग्यच होईल, असं समजून त्यांनी ते दिलं.

पान पहिलं आलं. तीनशे चौदा मतं, वार्तापत्राच्या इतिहासातला उच्चांक. पाणीकपातसुद्धा मागे पडली.

"घाडीसाहेब, कमाल!" मोकल घरी पेढे घेऊन आले. "लोक म्हणतात, संकुल असं दिसायला हवं. वाहनतळात एक दुचाकी वाकडी नाही, बागेत पोरं नाहीत, लिफ्टमध्ये कोणी परका नाही. माणसं काढून टाकलीत तेव्हा खरी शिस्त आली! समितीने ठराव केलाय, ही सहा चित्रं मोठी करून दालनात लावायची."

नोव्हेंबरात आणखी सहा रिकामी चित्रं, पुन्हा पहिला क्रमांक. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी घाडी आंबिवलीला गेले.

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. संचिताने दार उघडलं, पाणी दिलं, बसा म्हणाली नाही. ते बसले.

"त्या दिवशी तुम्ही पहिल्या रांगेत होतात, काका."

"हो."

"उठला नाहीत."

"नाही."

ती वाट पाहत होती. प्रवासात त्यांनी चार कारणं तयार केली होती, ती तिथे बसल्यावर एकेक करून त्यांनीच फेटाळली. "भीती वाटली," ते म्हणाले. "मालिका जाईल म्हणून. आणि मग नाव जाईल. माझं."

"माझं तर आलंच नाही."

"तेच सांगायला आलो. मी सोमवारी वार्तापत्राचा राजीनामा देतोय. कारणासकट, पोच घेऊन."

संचिताने थोडा वेळ त्यांच्याकडे, दवाखान्यात नंबरवाल्यांकडे पाहते तसं, पाहिलं. मग मोबाइल पुढे केला. तिची नवी मालिका, 'पुढचा पेशंट'. दर शनिवारी एक पान ती फोनवरून लोकांपुढे टाकत होती. 'पार्सल आलंय'वर सोसायटीचा हक्क आहे असं पत्र मोकलांनी तिला आधीच धाडलं होतं. नव्या पानांत गाल सुजलेली, नखं खाणारी, बायकोचा हात घट्ट धरून बसलेली माणसं होती. नव्वद जणांनी खाली काही ना काही लिहिलं होतं.

घाडींनी चष्मा पुसला. "ही सगळी हवेत का बसलीत?"

"मला खुर्च्या येत नाहीत ना, काका."

"खुर्चीत काय अवघड आहे? दोन तिरक्या रेघा, आणि..." ते थांबले.

"या वेळी भागीदारी नाही," ती म्हणाली. "नाव माझं. वर, मोठ्या अक्षरांत. तुम्ही माझ्याकडे मदतनीस. नाव खाली, बारीक. पानाला एकशे साठ देईन, पगार झाला की. जमतंय?"

"जमतंय." मग, सवयीने, "बारीक म्हणजे किती मिलिमीटर?"

"दोन."

राजीनामा त्यांनी दिला. चित्रांतली माणसं पहिल्यापासून संचिता हिवराळे यांनी काढली, योगिनी घाडी यांनी नाही, हे नावानिशी लिहून. मोकलांनी त्यावर आवक क्रमांक टाकला, पण छापला नाही. सहयोगी सभासदाला एकट्याने पत्र देता येत नाही. घाडींनी त्याच्या तीनशे ब्याण्णव प्रती काढल्या आणि स्वतः सातही विंग उतरत दाराखालून सरकवल्या. भाडेकरूंच्या दारांसकट. एकवीस जणांनी मजकूर वाचून फोन केला, त्यांतल्या चौदांनी वार्तापत्राचा आकार लहान का केला असं विचारलं. वार्तापत्राचं काहीच अडलं नाही. समितीने एक कॅमेरा घेतला आणि जानेवारीपासून रिकाम्या दालनाचे फोटो छापायला सुरुवात केली. तेही पहिले येतात.

आता बुधवारी आणि रविवारी घाडी आंबिवलीला जातात. दवाखान्याच्या खुर्च्या, पंखा, भिंतीवरचं दाताचं चित्र, बाहेरचा चपलांचा ढीग हे त्यांच्याकडे असतं. चपलांना ते वेळ लावतात. संचिता ओरडते, ते ऐकून घेतात. योगिनी फोनवर दर शनिवारी पान उघडतात आणि आधी खालची बारीक ओळ वाचतात.

मार्च २०२५ च्या दोन पानांचे तीनशे वीस रुपये संचिताने अजून दिलेले नाहीत.